हेडक्लार्कांचं एकूण सामान

आपल्याकडे सामान म्हणावं असं काहीच नाही, अशी हेडक्लार्कांची गेली सव्वीस वर्षं ठाम समजूत होती. घरात जे काही होतं ते बायकोचं. कपाट उघडताना अंगावर पडलं ते बायकोचं, पलंगाखाली पायाला लागलं ते बायकोचं, आणि मागच्या खोलीचं दार अर्धंच उघडायचं ते तिच्याच पसाऱ्यामुळे. (अर्ध्या दारातून आत काय आहे ते नीट दिसत नाही, हा मुद्दा त्यांनी कधी विचारात घेतला नव्हता.)

या मागच्या खोलीवरून दोघांचं जुनं भांडण होतं. बायको घरी शिवणकाम करायची. मशीन स्वयंपाकघराच्या दाराशी, कापड जेवणाच्या टेबलावर आणि गिऱ्हाइकं जिन्यात, असा तिचा कारखाना तीन ठिकाणी चाले. तिला ती खोली शिवणासाठी हवी होती. हेडक्लार्कांना ती हवी होती चिंतनासाठी. रिटायर व्हायला अकरा महिने उरले होते आणि त्यानंतर खिडकीशी आरामखुर्ची टाकून चिंतन करायचं, हे त्यांनी पक्कं केलं होतं. कशाचं, ते रिटायर झाल्यावर ठरणार होतं.

अशात त्यांची भाची आली. ती फोटोग्राफर होती, पण माणसं सोडून त्यांच्या वस्तूंचे फोटो काढायची. एका न्हाव्याच्या आरशापुढच्या बाटल्यांचे फोटो तिने प्रदर्शनात लावले होते आणि शिकलेली माणसं त्यांच्यापुढे मान तिरकी करून दहा-दहा मिनिटं उभी राहिली होती. आता तिचा नवा प्रोजेक्ट होता.

"माणसाच्या मालकीचं जे जे आहे ते सगळं उघड्यावर मांडायचं आणि मधोमध त्याला बसवायचं," ती म्हणाली. "वस्तूंवरून माणूस कळतो, मामा."

"माझ्या वस्तूंवरून काय कळणार? चार शर्ट आणि एक पेन," हेडक्लार्क म्हणाले. "तुझ्या मामीचा काढ. पण तो विमानातून काढावा लागेल."

मामींच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून काढल्या. "दोघांचाही काढ," त्या म्हणाल्या. "ज्याचं सामान कमी भरेल, त्याची मागची खोली."

"कबूल," हेडक्लार्क म्हणाले. (हा माणूस ऑफिसात साध्या रजेच्या अर्जाला चार दिवस लावत असे.)

दुसऱ्या दिवशी बायको दोरे आणायला बाहेर पडताच त्यांनी त्या खोलीचं दार खांदा लावून पूर्ण उघडलं आणि ते मटकन खालीच बसले. आत तीन रेडिओ होते, तिन्ही बंद. सतरा छत्र्या होत्या, त्यांतली एक उघडत होती. सहा ब्रीफकेसा, पहिल्या आठवड्यानंतर कोणी न चढलेली व्यायामाची सायकल, घड्याळांचे रिकामे डबे, एका पायाची तिपाई. हे माझं नाहीच, असं म्हणायचीही सोय नव्हती. हेडक्लार्क दप्तर विभागातले. आवक क्रमांक टाकल्याशिवाय तिथे कागदाचा कपटाही आत येत नाही, आणि तीच सवय त्यांनी घरी आणली होती. प्रत्येक वस्तूला त्यांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी होती.

मग त्यांनी कंबर कसली. रेडिओ आणि ब्रीफकेसा तळमजल्यावरच्या केमिस्टकडे, सायकल दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडे, छत्र्या आणि उरलेलं सटरफटर ड्रॉइंग मास्तरांकडे, असं सगळं त्यांनी तीन दिवस बायकोची नजर चुकवून हलवलं. बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. सगळं सुरळीत पार पडलंही असतं, पण कागद केल्याशिवाय वस्तू दुसऱ्याच्या हाती देणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी प्रत्येकाला दोन प्रतींत पोच करून दिली: "सदर वस्तू माझ्या मालकीच्या असून मागणी होताच विनातक्रार परत कराव्यात." खाली सही, तारीख आणि शिक्का.

रविवारी सकाळी गच्चीवर दोन चादरी अंथरल्या गेल्या. बायकोच्या चादरीवर मशीन, तीन कात्र्या, बटणांचा डबा, आरसा, एक ट्रंक आणि कपडे.

"भांडीकुंडी कुठे आहेत?" हेडक्लार्कांनी हरकत घेतली.

"त्यांत जेवतं कोण?" बायकोने विचारलं. भाचीने भांडी घराच्या नावावर टाकली.

हेडक्लार्कांच्या चादरीवर चार शर्ट, एक पेन, चपलांचा जोड, उघडणारी छत्री आणि आरामखुर्ची. खुर्चीत ते स्वतः, चेहऱ्यावर विरक्ती. (आरशात तीन वेळा सराव केला होता.)

बायकोने दोन्ही चादरी पाहिल्या. मशीनवरून एकदा हात फिरवला. "ठीक आहे," ती म्हणाली. "खोली तुमची."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. हेडक्लार्कांना वाईट वाटलं, अगदी खरंच वाटलं. पण चिंतन सुरू झालं की हे विसरायला होईल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

"थांब मामी, दहा वाजू देत," भाची म्हणाली. "मी खाली बोर्डावर दहाची नोटीस लावलीय."

"कसली नोटीस?" विरक्ती एकदम उतरली.

"प्रत्येक वेळी लावते. माणसाचं निम्मं सामान दुसऱ्यांकडेच राहिलेलं असतं, मामा. तुमचं दोघांचं काही कोणाकडे असेल तर गच्चीवर आणून द्या, एवढंच लिहिलंय."

तेवढ्यात जिन्यातून आवाज यायला लागला. सायकलचं पेडल प्रत्येक पायरीला आपटत वर येत होतं.

"मागणी होताच परत, असं लिहिलं होतं तुम्ही," नर्सबाई धापा टाकत म्हणाल्या. "नोटीस म्हणजे मागणीच की."

त्यांच्यामागून सोळा छत्र्या कवटाळून मास्तर आले, मग दोन खेपांत केमिस्ट. केमिस्ट काटेकोर माणूस. त्याने दुसरी प्रत पुढे केली. "वस्तू मिळाल्या म्हणून इथे सही करा." हेडक्लार्कांनी सही केली. तारीख घालायलाही ते विसरले नाहीत.

नोटीस वाचून इतर बिऱ्हाडांनाही आठवण झाली. कोणाकडे नऊ वर्षांपूर्वी ठेवलेला टेबलफॅन होता, कोणाकडे एकाच पायाचा गमबूट. बायकोचं म्हणून फक्त एक सुईदोरा परत आला. हेडक्लार्कांसाठी तिसरी चादर आणावी लागली, मग चौथी.

बायको सामानात फिरून चिठ्ठ्या मोठ्याने वाचत होती. "आवक क्रमांक एकशे बारा. रेडिओ. बंद आहे, उपयोगी पडेल." ती पुढे सरकली. "आवक क्रमांक एकशे तेरा. रेडिओ. बंद आहे, वरील रेडिओसाठी उपयोगी पडेल."

"मामा, हात वर करा," भाची पाण्याच्या टाकीवर चढून म्हणाली. "कुठे आहात ते दिसत नाहीये."

हेडक्लार्कांनी हात वर केला.

प्रदर्शनात दोघांचे फोटो शेजारी शेजारी लागले. एक म्हातारी हेडक्लार्कांच्या फोटोपुढे बराच वेळ उभी राहिली. "चांगला आलाय," ती भाचीला म्हणाली. "फक्त काढताना त्या गृहस्थांना बाजूला व्हायला सांगायचं होतंस." गृहस्थ तिच्या मागेच उभे होते.

मशीन मागच्या खोलीत गेलं. खिडकीशी उजेड चांगला होता आणि बायको काम करताना गुणगुणायला लागली. ते ऐकून आपण हरलो ते बरंच झालं, असं हेडक्लार्कांना चोरून वाटायचं. त्यांचं सामान बाहेरच्या खोलीत भिंतीला लागलं आणि नव्या कारखान्यातून पहिली बाहेर पडली ती त्या ढिगाची खोळ.

आठवड्याभराने ती टेप घेऊन आली. "जरा खुर्चीत बसा."

तिने खांद्यापासून खांद्यापर्यंत, मग डोक्यापासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं. हेडक्लार्क विरघळले. "कशाला उगाच? चार शर्ट आहेत की."

"शर्ट नाही. आरामखुर्चीची खोळ," ती म्हणाली. "रिटायर झाल्यावर तुमच्यासकटच घालावी लागेल. आत्ताच माप घेऊन ठेवते."

तिने एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, टाचणीने ती त्यांच्या बाहीला लावली आणि ती खोलीत निघून गेली. हेडक्लार्कांनी चष्मा लावून पाहिलं. माप एका कोपऱ्यात होतं. वर लिहिलं होतं, आवक क्रमांक दोनशे सात. आणि खाली शेरा: "बंद आहे, उपयोगी पडेल."