केशवराव व्याही यांची पडण्याची मोहीम

श्री जामसांवलीचा मारुती साक्ष ठेवून, जे जाहले ते यथास्थित लिहितो. पदरचे अक्षर घालील तो कलमाचा बेइमान. शके अठराशे चौऱ्याहत्तर, टोपीकर देशांतरास जाऊन रयत खासा मालक जाहल्यास पाच साले लोटली होती, आणि भाद्रपद मासी जनपद सभेची, म्हणजे तालुक्याच्या पंचायतीची, तिगाव गटाची जागा निवडणुकीस उघडली. मग तिजवर दोन सरदार चालून आले. राजश्री पुंडलिकराव, संत्र्यांच्या बागांचे धनी, यांची मतांची पेटी छत्रीच्या निशाणीची. आणि शेजारगावचे केशवराव, कपाशीवाले, यांची कुलपाची. परंतु केशवरावांची कन्या वच्छला ही पुंडलिकरावांचे घरी सून. मुलीकडल्याने मुलाकडल्यास जिंकावे, ऐसा बदअंमल या मुलुखी कधी जाहला नव्हता!

मग अर्ज मागे घेण्याची मुदत टळली, आणि पुंडलिकरावांचे फर्मान सुटले की, व्याही निवडून आले तर सून दिवाळीस माहेरी जाणार नाही. तीन साल काही ना काही निमित्ताने केशवरावांची लेक आली नव्हती, आणि घरी कुटुंब शकुबाई यंदाचे दिवस बोटांवर मोजीत होत्या. मग मनसुबा केला की, काहीही होवो, पडायचे. आणि बैल जुंपून, स्वतःविरुद्ध स्वारीस निघून, गावोगावी जाहीर केले की, आम्हांस कायदा कळत नाही, सभेत आम्हांस झोप येते, आणि रस्ता मागाल तर मिळणार नाही. रयत थक्क! कवडू पाटील भर चावडीत उठले आणि गरजले, "इतका खरा बोलनारा मानूस आमी पाह्यलाच नाई नं बाप्पा!" आणि कुलपासच मत देण्याच्या आणाभाका जाहल्या. काय म्हणावे या रयतेस!

मतदानाचे दिवशी केशवरावांनी आपला कागद खासा छत्रीत टाकला. तरी मोजणीअंती एका मताने केशवराव फत्ते. डफडे वाजले, गुलाल उडाला, आणि विजयी सरदार मिरवणुकीतून निसटले. मग तसेच गुलालासह लेकीचे दारी गेले आणि म्हणाले, "पोरी, म्या लय पडून पाह्यलं वं."

वच्छला सासऱ्यांदेखत बोलली, "बाबा, म्याच टाकलं कुलपात. सारं गाव म्हनून राह्यलं का तुमी खरे हा. मंग माह्या हातानं तुमाले पाडू कशी? दिवाळी गेली तं गेली."

पुंडलिकराव खाकरले, फर्मान मागे घेतले नाही. येणेप्रमाणे तिगाव गट सर जाहला. त्या दिवाळीस शकुबाईंनी लेकीवाचून एकटीनेच विजयी सरदारांस ओवाळले, आणि सरदारांनी मान वर केली नाही. विजय कुलपाचा, ऐसे दफ्तरी नमूद असे.