गावकरअण्णांचा काळा पडदा

गावकरअण्णांना कोणी ईमेलमधून गुलाबाचं फूल पाठवलं, की ते उठून थेट पाठवणाऱ्याच्या टेबलापाशी जात. "मेल्या, मजकूर खंय?"

"अण्णा, दिवाळीच्या शुभेच्छा आहेत."

"मग तसं लिही ना! दोन शब्द लागतील."

परळच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांकडे रंगीत पडदे आणि माऊस आले, तरी अण्णा जुन्या युनिक्स मशीनवर काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरंच वाचत. त्यांच्या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये चित्र उमटायचंच नाही. 'इथे एक चित्र आहे' एवढी ओळ यायची, बस. एक बटण दाबलं की उत्तर, दुसरं दाबलं की कचरा. ऑफिसने दिलेल्या माऊसवर ते चष्म्याचं फडकं वाळत घालत.

"संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी भोईवाड्यातल्या भिंती रंगवल्या आम्ही. नुसती अक्षरं! मिळालं ना राज्य?" अण्णा ऐकवत.

मी गिरणी कामगाराचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. कॉम्प्युटर येतो याचा मला माज होता आणि तो मी लपवतही नसे. अण्णांचा जुना प्रोग्रॅम काढून नवा घालायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं, तेव्हा मी ऐकवलंच, "अण्णा, लेकीने नातवाचे फोटो पाठवले तर तुम्हाला दिसतात तरी का?"

"दिसतत तर!" म्हणत त्यांनी कॅनडाहून आलेलं लेकीचं पत्र उघडलं. 'इथे एक चित्र आहे' या ओळीखाली तिने लिहिलं होतं, 'बाबा, तुम्हाला फोटो दिसणार नाही म्हणून सांगते. बाळ पालथं पडलंय. डावी मूठ तोंडात. कपाळावर आठी, अगदी तुमची. मागे मी हसतेय, पण दोन दिवस धड जेवलेले नाही.' असं पानभर.

"पाच मिनिटांत हा फोटो रंगीत दाखवतो," मी म्हणालो.

अण्णांनी कीबोर्डवरचा माझा हात हळूच बाजूला केला. "नको. मला फोटो दिसायला लागला, तर ती एवढं लिहील कशाला रे?"

मी उठलो आणि साहेबांना जाऊन सांगितलं, अण्णांच्या मशीनवर नवा प्रोग्रॅम बसत नाही.

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पदवीधर ना तू? तुलाही जमलं नाही?"

"नाही जमलं," मी म्हणालो.