बाळंतिणीच्या वाट्याची कोंबडी

"नातू माझा, हात माझे! पोर महिन्याचं झालं की जेवणावळ, तेव्हा त्याला उचलून सगळ्या टेबलांभोवती मीच फिरवणार. मध्ये कुणी यायचं नाही, सांगून ठेवतो!"

तिओंग आजोबांनी सिबू शहरातल्या कॉफीच्या दुकानात हे इतक्या मोठ्यांदा जाहीर केलं, की नदीपलीकडेही आमंत्रण पोचलं असेल. आणि का करू नये? राजांग नदीवरच्या एक्स्प्रेस बोटीचं सुकाणू त्यांनी जन्मभर फिरवलेलं. पुरात वाहत येणारे ओंडके चुकवत वरच्या कापित गावापर्यंत बोट नेणाऱ्या माणसाला एवढंसं पोर म्हणजे काय हो! शिवाय समुद्रापलीकडच्या ईपोहहून सुनेची आई येणार होती. त्या बाईच्या हातात एकदा मूल गेलं की परत मिळत नाही, हे आजोबांनी लग्नातच हेरून ठेवलं होतं.

अडचण एकच. त्याच सुमारास त्यांचं रक्त तपासलं, तर डॉक्टर सेलीना कागदाकडे बघून म्हणाल्या, "अंकल, या कोलेस्टेरॉलमध्ये मला रक्त शोधावं लागतंय!"

रोज रात्री एक गोळी सुरू झाली.

"स्नायू दुखायला लागले, अंगातलं बळ गेलं, तर लगेच यायचं," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "आणि दुसरं काही औषध घेता का? काढा, जडीबुटी, वैद्याचं चूर्ण?"

"मी? छ्या! असल्या भानगडींना मी हात लावत नाही," आजोबा छाती काढून म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं बरं का!

घरी सिउएंग आजींनी गोळीच्या जोडीला स्वतःचा कायदा लागू केला. आजोबांना उकडलेला मासा आणि उकडलेला पाला. बस्स! आणि त्याच चुलीवर, शेजारच्याच कढईत, बाळंतिणीचा खुराक. तिळाच्या तेलात आलं परतायचं, त्यात लाल तांदळाच्या दारूचा चोथा घालायचा, त्यात कोंबडी, आणि खाली शेवया. फूचौ चिन्यांच्या घरातली बाळंतीण महिनाभर हेच खाते, सकाळ-संध्याकाळ. सुनेला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी आजींनी दारूच्या बरण्या घातल्या होत्या. तो वास सुटला की आजोबा नाक कढईकडे आणि तोंड माशाकडे करून जेवायचे.

सून पुईयान मात्र ईपोहची, या चवीची सवय नसलेली. पोर गुणी, पण आठवड्याभरातच तिच्या नाकाकानांतून कोंबडी यायला लागली. सासूला 'नको' म्हणायची छाती नाही. नवरा मिरीला तेलविहिरीवर, फोनवर म्हणतो, "आईशी तूच बोल." वा रे मर्दा! एके दुपारी आजोबा वाटी घेऊन खोलीत आले, तर ही रडकुंडीला आलेली.

"बाबा, पाया पडते तुमच्या, ही खिडकीतून ओतून द्या!"

"ओतून? अगं, पाप लागेल!" आजोबांच्या डोळ्यांना पाणी सुटलं. तोंडालाही.

"मग तुम्ही खा."

"मी? अगं, माझं पथ्य... तुझ्या सासूला कळलं तर..." हे बोलेपर्यंत अर्धी वाटी संपली होती.

सौदा ठरला. "नातवाशेजारी बसून जेवतो," म्हणून आजोबा आपलं ताटही खोलीत नेऊ लागले. दार लोटलं की अदलाबदल! सून उकडलेला मासा मिटक्या मारत खायची आणि सासरा वाटी चाटून लख्ख करायचा. आजींना तर रिकाम्या वाट्या बघून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. शेजारच्या लाऊबाईंना त्या कुंपणावरून ऐकवत, "ईपोहची असली म्हणून काय झालं? माझ्या हातचं बोटं चोखून खाते पोर!" कौतुकाच्या भरात त्यांनी चोथा दुप्पट केला आणि वाटीचं वाडगं झालं.

आणि आजोबांचं अंग धरलं! आधी पोटऱ्या, मग मांड्या, मग खांदे. बसले की उठवेना, उठले की बसवेना. टॉवेल पिळायला गेले तर टॉवेलच त्यांना पिळतोय असं वाटायचं. कंगवा कानापर्यंत जाऊन परत यायचा.

"गोळीच बाधली असणार. डॉक्टरकडे जा," लाऊबाई म्हणाल्या.

पण डॉक्टरकडे गेलं आणि त्यांनी 'वजन उचलू नका' म्हटलं तर? नातू गेला ना ईपोहच्या ताब्यात! आजोबांनी स्वतःच निदान केलं: अशक्तपणा. आणि अशक्तपणावर लाल कोंबडीसारखं दुसरं काही आहे का? "सूनबाईला भूक फार लागते हल्ली," असं आजींना सांगून त्यांनी रात्रीचंही एक वाडगं सुरू करून घेतलं.

जेवणावळ आठवड्यावर आली तेव्हा त्यांनी तालीम करायची ठरवली. बाजारातून बेताचा कोहळा आणला, नातवाच्या दुपट्यात गुंडाळला आणि छातीशी धरून बैठकीत फेऱ्या सुरू केल्या. "माझं सोनं ते! चल, मामांना भेटू. आता काकूंना भेटू," असं लाडेलाडे चाललं होतं. खिडकीबाहेरून लाऊबाई कौतुकानं बघत होत्या. तेवढ्यात आजोबांच्या दंडांनी राजीनामा दिला.

धप्प!

"अगं बाई गं! म्हाताऱ्यानं पोर टाकलं!" लाऊबाईंची किंकाळी सगळ्या आळीनं ऐकली.

आजी कोंबडी कापत होत्या, त्या सुरीसकट धावल्या. बघतात तर फरशीवर दुपटं, आणि शेजारी आजोबा गुडघ्यांवर.

"उठा! उठा आधी!"

"उठता येत नाही!"

"अहो, काय झालं त्याचं?"

"तुकडे झाले!"

आजी मटकन खालीच बसल्या. तेवढ्यात आतून खऱ्या नातवानं असा टाहो फोडला की आजींच्या जिवात जीव आला, आणि पाठोपाठ संतापही. पण बातमीचे पाय कोण धरणार? तासाभरात ईपोहहून विहीणबाईंचा फोन. "मी उद्याच येते! आणि मी येईपर्यंत पोराला त्या माणसाच्या हातात द्यायचं नाही!"

आजींनी नवऱ्याला बकोटीला धरून दवाखान्यात नेलं. "डॉक्टर, तुमच्या गोळीनं माझं माणूस मोडलं!"

डॉक्टर सेलीनांनी दंड दाबले, रक्त घेतलं आणि जरा विचार करून विचारलं, "आंटी, घरात लाल चोथ्यातली कोंबडी चालू आहे का?"

"आहे ना. पण ती बाळंतिणीची! यांना फक्त वास मिळतो."

"बरं आहे मग. कारण त्या लाल तांदळात कधीकधी या गोळीतल्या औषधासारखाच अंश असतो. किती, ते सांगता येत नाही. पण गोळीवर गोळी घेतल्यासारखं होऊ शकतं, आणि स्नायूंचे हाल होतात."

आजोबांना दरदरून घाम फुटला. खरं सांगावं तर सून तोंडघशी पडते. न सांगावं तर हात जातात आणि हातांबरोबर नातूही जातो!

"मी... थोडी चव घेतली," ते पुटपुटले.

"किती?" डॉक्टर.

"चमचाभर."

"एकदाच?"

"नाही. वाडगं संपेपर्यंत."

आजींनी आ वासला. "आणि सून?"

आजोबांनी डोळे मिटले आणि बोट थेट ओंडक्यांत घातली. "पोरीचा काही दोष नाही! ती बिचारी भुकेनं हात पुढे करायची. मीच तिच्या तोंडचं काढून खाल्लं."

"अहो, बाळंतिणीच्या तोंडचा घास पळवलात? लाज नाही वाटली?" आजींचा आवाज बाहेरच्या रांगेतल्या पेशंटांनीही ऐकला. डॉक्टरांनी गोळी थांबवली, कोंबडी थांबवली, आणि म्हणाल्या की रक्त सुधारलं की दुसरी गोळी बघू, पण तोवर मूल उचलून चालायचं नाही. खुर्चीत बसून मांडीवर घेतलं तर हरकत नाही.

जेवणावळीला आजोबांना वेताच्या खोलगट खुर्चीत बसवलं आणि नातू मांडीवर दिला. विहीणबाई दोन्ही हात पसरून आल्या. "द्या इकडे माझं बाळ!"

"उठता येत नाही हो," आजोबा गरीब तोंड करून म्हणाले. "आणि हातही वर होत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय!"

त्या खोल खुर्चीत वाकायला विहीणबाईंची कंबर तयार नव्हती. मग काय! आजोबांना टेबलांभोवती फिरावं लागलंच नाही, सगळी टेबलं उठून त्यांच्याकडे आली. माणूस सुखानं नुसता फुलून गेला होता!

तेवढ्यात पुईयान खुर्चीशी आली. तिच्या एका हातात काठोकाठ भरलेलं लाल वाडगं. "हिचा महिन्याचा खुराक बुडाला, आता आणखी महिनाभर खायचं, आणि माझ्यासमोर बसून!" असा सासूचा हुकूम निघाला होता. दुसऱ्या हातात तिच्या आईनं ईपोहहून आणलेला तिकडचा बाळंतिणीचा खुराक, डुकराच्या पायांचं काळं आंबट कालवण. "माझ्या लेकीला उपाशी ठेवलं यांनी" म्हणून!

"बाबा," ती रडवेली होऊन कुजबुजली, "सासूबाईंना जाऊन खरं काय ते सांगा ना हो!"

आजोबांनी पलीकडे कंबरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या आजींकडे एकदा बघितलं आणि नातवाला आणखी घट्ट धरलं.

"सांगितलं असतं गं पोरी," ते म्हणाले, "पण मला उठता कुठे येतंय?"