सोयरिकीतला इंग्रजी शब्द

सुयशचा साखरपुडा झाला ते बावीस साल. गेणूआबांचा हा नातू बँकेत साहेब, आणि नवरी अंजली येवल्याची, वडिलांबरोबर मागावर पैठणी विणणारी. नाशिकच्या कार्यालयात दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसली होती. तेवढ्यात आबांची धाकटी बहीण रंगूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुजबुजली, "माग चालवणारी पोर. आपला सुयश बँकेत."

"आजी, असं डिस्परेज नका करू कुणाला," हर्षाली म्हणाली. ही आबांची नात कॉलेजात इंग्रजी शिकवायची. आबांची छाती फुगली.

"सांग, त्याचा अर्थ सांग. व्याह्यांनाबी कळू दे."

"कमी लेखणं. बास, आबा."

"आणि मूळ? ही प्रत्येक शब्दाचं मूळ सांगती, बरं का."

हर्षाली डोळ्यांनी नको म्हणत होती, पण आबा हटेनात. शेवटी ती पुटपुटली, "फार पूर्वी फ्रान्सात... बरोबरीच्या नसलेल्या घरी लग्न लावणं."

नवरीचे वडील सहादू उठले. त्यांच्यामागे त्यांचा चुलता उठला, मग येवल्याची सगळी माणसं उठली. साखरेचा पुडा पुन्हा पिशवीत गेला. माणसं उठलेली पाहून आचाऱ्याला वाटलं, पंगत बसतेय. त्यानं पानं मांडून भराभर वाढून टाकलं.

वाढलेलं पान टाकून कोण जाणार? सगळे फुरंगटून जेवायला बसले. आबा मात्र पानावरून उठले. नातवाचं लग्न आपल्याच कौतुकानं मोडलं होतं. ते जिलबीचं ताट घेऊन व्याह्यांपुढे वाकले.

"आम्हाला खालचं समजू नका," सहादू पानाकडे बघत म्हणाले. "माझ्या पोरीच्या हातच्या पैठणीसाठी लोक वर्षभर थांबतात. तुमचा पोरगा रजेवर गेला तर बँक बंद पडती का?"

आबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाय पडत."

"मग?"

"मग खाली सोयरीक तुम्ही केली. डिस्परेज तुम्ही झालात. मान तुमचा."

आबांनी डोक्यावरचा वरपक्षाचा फेटा काढून सहादूंच्या डोक्यावर ठेवला. सहादूंना हसू आवरेना, आणि तोंडावर धरायला हात उष्टा. पुडा पिशवीतून बाहेर आला.

"दादा, हे उलटंच झालं," रंगूबाई म्हणाली.

"गप बस. फ्रान्सात असंच असतं."

पुढं अंजलीनं पहिली पैठणी विणून दिली ती रंगूबाईलाच. ती नेसून म्हातारी आपल्या गावात, सायखेड्यात, घरोघर फिरली. "आमच्या सुनेच्या हातची हाय. सुयश? तो आपला हाय बँकेत कुठं तरी."

रंगूबाई चोवीस सालच्या मार्गशीर्षात वारली. नेताना तीच पैठणी तिच्या अंगावर होती.