भाजल्यावर काय लावावं

संगणकाला शहाणं करायचं काम आमच्या विभागाकडे आलं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याला इंटरनेट वाचायला बसवण्यात आलं. नियम सोपा होता. दोन गोष्टी जितक्या वेळा शेजारी शेजारी दिसतील, तितकं त्यांचं नातं पक्कं. गल्लीतल्या भानगडी याच पुराव्यावर ठरतात, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. संगणक जे जे शिकेल त्याखाली 'तपासले' असा शिक्का मारणं, हे माझं काम.

पहिल्याच आठवड्यात तो शिकला : भाजल्यावर टूथपेस्ट लावावी. पुरावे, चार लाख.

माझी थोरली बहीण भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स आहे. हा संगणक तिच्याच रुग्णालयाच्या दारात सल्ले द्यायला बसणार होता. ती तणतणत ऑफिसात आली.

"अरे, त्यानं जखम चिघळते. हात नळाखाली धरायचा आणि तडक दवाखाना गाठायचा. काढून टाक ते."

"ताई, असं मनानं काढता येत नाही. तू इंटरनेटवर लिही, तो वाचेल."

बिचारी भोळी. ड्युटी संपली की रोज लिहू लागली : भाजल्यावर टूथपेस्ट लावू नका. एकूण एक्केचाळीस वेळा लिहिलं. 'नका'सारखे किरकोळ शब्द संगणक गाळतो. त्याला भाजणं आणि टूथपेस्ट पुन्हा शेजारी दिसले. त्यातून लिहिणारी नर्स, म्हणून प्रत्येक वेळेला हजार पुराव्यांचं वजन दिलं. खात्री नव्वद टक्क्यांवरून अठ्ठ्याण्णववर गेली. 'आपल्या तज्ज्ञ सहकार्याबद्दल विभाग ऋणी आहे,' असं पत्र साहेबांनी तिला पाठवलं.

पत्र वाचून तिनं लिहिणं बंद केलं. पंधरा दिवस एकही हरकत आली नाही, सबब खात्री शंभर टक्के धरण्यात आली. मी शिक्का मारला. लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण बढतीची यादी लागायची होती, आणि भाजणार तर दुसराच कुणीतरी होता.

तो चौथ्या दिवशी आला. एका खानावळीतला आचारी. उकळतं तेल मनगटापर्यंत सांडलेलं. दारातल्या संगणकानं सल्ला दिला, समोरच्या दुकानात अख्खी ट्यूब मिळाली. ताई दोन तास तो पांढरा थर कातडीवरून सोडवत होती. निम्मी कातडी त्याच्याबरोबरच निघाली. आचारी ओठ चावत रडत होता.

"बाबा रे, वॉर्ड वीस पावलांवर होता," ताई म्हणाली. "मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं हो बाई. पण तुम्ही पडलात एकट्या. तिथं चार लाख माणसं सांगतायत."

त्या चार लाख माणसांची यादी आमच्याकडे आहे. 'ऐकीव आहे, पण करून बघा' म्हणत जे जे पुढे पाठवलं गेलं, ते सगळं तारीखवार. अद्याप कुणी ती बघायला मागितलेली नाही. आपण या एकदा. आपलं नाव शोधायला फार वेळ लागणार नाही.