दाराशी ठेवलेली खोकी

कुठलाही कार्यक्रम फसतो तो नियोजनाअभावी, आणि नियोजन म्हणजे नविन! असं ठाम मत अख्ख्या घोलवडात एकाच माणसाचं होतं. तो माणूस अर्थातच नविन.

गेल्या संक्रांतीला त्याने झाईच्या किनाऱ्यावर पतंग महोत्सव भरवला होता. मंडप, चहा, लाउडस्पीकर, सगळं वेळेवर. फक्त वाऱ्याला कोणी कळवलं नव्हतं. तो भलत्याच बाजूने आला आणि झाडून सगळे पतंग मांजासकट गुजरातेत घेऊन गेला. पहिला नंबर ठरवायला परीक्षकांना हद्द ओलांडून नारळाच्या झाडावर चढावं लागलं. तेव्हापासून नविनच्या हौशी मंडळाला गावात कोणी ओटासुद्धा देईना.

पण नविन खचणारा नव्हता. लहानपणी डहाणू रोडच्या एका हॉटेलात त्याने पिनबॉलचं यंत्र पाहिलं होतं. दांडा ओढून सोडला की गोळी वर जायची, खिळ्यांवर आपटत, घंट्या वाजवत खाली यायची आणि खालचे दोन पंखे तिला पुन्हा वर भिरकावायचे. तिथेच त्याचं मन अडकलं होतं. आता त्याने मंडळाच्या स्वयंसेवकांना कामाला लावलं आणि चिकूच्या लाकडी खोक्यांतच पिनबॉल बनवले. आत तिरकी फळी, त्यावर खिळे आणि रबर, सायकलच्या बेअरिंगचे छर्रे. झाकण काढलं की खेळ तयार. झाकणाच्या आतल्या बाजूला नियमांचा कागद चिकटवलेला आणि खाली, 'शंका असल्यास संपर्क', म्हणून नविनचा नंबर. एवढं झाल्यावर तलासरीतल्या एका शाळेचा हॉल मिळवला आणि प्रदर्शन व स्पर्धा जाहीर करून टाकली.

राहिल्या सासूबाई. खोकी त्यांची, चिकूची पॅकिंग शेड त्यांची आणि टेम्पोही त्यांचाच. मैनाबाईंनी जावयाचं सगळं ऐकून घेतलं.

"न्या," त्या म्हणाल्या. "पण हेही बोंबललं ना, तर मंडळ बंद. रोज सकाळी सहाला शेडवर यायचं आणि चिकू निवडायचे. तुमचं झेरॉक्सचं दुकान तसंही बंदच असतं."

"आई, बंद नसतं. 'आत्ता येतो' अशी पाटी असते."

"तीच पाटी तुमच्या बायकोने, आमच्या कल्पिताने, परवा घरी आणून पापड वाळत घातलेत तिच्यावर."

नविनला सहाची भीती नव्हती, पण मंडळाशिवायचं आयुष्य त्याला दिसेना. शिवाय लग्न झाल्यापासून सासूबाईंनी त्याचं एकदाही कौतुक केलं नव्हतं. तेही या निमित्ताने उरकून घ्यावं, असं त्याच्या मनात होतं.

तलासरीचा रस्ता खड्ड्यांचा. खेळ हादऱ्याने मोडू नयेत म्हणून त्याने शेडवरच्या संगीताला आणि तिच्या बायकांना सांगितलं, "ही खोकी अशी बांधा की आत काय आहे ते देवालासुद्धा कळू नये."

"आम्हाला बांधायची एकच तऱ्हा ठाऊक," संगीता म्हणाली.

त्या तऱ्हेने त्यांनी बांधली. फळीवर वर्तमानपत्र, त्यावर पेंढा, वर झाकण, चार खिळे आणि बागेचा निळा छाप. बाजूला खऱ्या चिकूंची खोकी रचलेली होती. मैनाबाईंनी जरी दोन्ही शेजारी ठेवून बघितली असती तरी त्यांना ओळखता आली नसती. नविन खूश झाला. सकाळी पटकन हाताशी यावीत म्हणून त्याने आपली खोकी दाराशी रचून घेतली आणि घरी जाऊन गाढ झोपला.

आता दाराशी ठेवलेला माल वडोदऱ्याच्या ट्रकात जातो, हे घोलवडात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रात्री ट्रक आला, हमालांनी दारातली खोकी चढवली, ट्रक गेला. सकाळी टेम्पोवाला धाकल्या आला. दाराशी काहीच नाही, म्हणून त्याने आतल्या रांगेतली तेवढीच खोकी उचलली.

"नविनभाऊ, जड लागतात हो," तो म्हणाला.

"खिळे आहेत ना आत," नविन म्हणाला.

तलासरीचा हॉल भरून गेला होता. खेडोपाड्यांतून माणसं आली होती, पोरं खिडक्यांच्या गजांवर चढली होती. मंडळाच्या स्वयंसेवकांनी पिवळ्या टोप्या घातल्या होत्या. टेबलावर झगझगीत कप मांडला होता. उद्घाटनाला निवृत्त मुख्याध्यापक हिरू गुरुजी होते. नविनने भाषण केलं. नियोजन या विषयावर तो बराच वेळ बोलला. मग गुरुजींनी पहिल्या खोक्याचं झाकण काढलं, पेंढा बाजूला केला, आणि आतून एक चिकू उचलून डोळ्यांसमोर धरला.

"पिनबॉल म्हणतात तो हाच का?" त्यांनी विचारलं.

नविनने दुसरं खोकं उघडलं. चिकू! तिसरं उघडलं. चिकू! चौथं उघडायचा त्याला धीर झाला नाही. डोळ्यांसमोर शेडवरचं घड्याळ उभं राहिलं, त्यात सहा वाजलेले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"नवीनभाई? गोळी बे खिळ्यांच्या मध्ये अटकी गई छे. पॉइंट देवाचा के नाही?"

हॉलच्या मागच्या रांगेतून कोणीतरी चेष्टा करतंय असं नविनला वाटलं. "देऊ नका," म्हणून त्याने फोन कापला. मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गोळी अडकायला खेळाचं खोकं लागतं, आणि ते इथे कोणाकडेच नव्हतं. त्याने परत फोन लावला.

"कोण बोलतंय?"

"हसमुखभाई, वडोदरा फळबाजार. तमारा चिकू आज एकदम नवीन टाइपना आले. हमाल लोक सकाळपासून रमे छे, माल उतरवायला कोणी तयार नथी. रमणने जास्ती पॉइंट केले, पण भीखो म्हणतो चीटिंग. जरा नियम सांगो ने."

एवढ्यात गुरुजी जवळ आले. "काय झालं? कुठून फोन?"

"वडोदऱ्याहून," नविनच्या तोंडून निघून गेलं.

"म्हणजे तिकडेही खेळतायत?"

नविनने एकदा चिकूंकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे पाहिलं. "हो तर," तो म्हणाला. "आंतरराज्य स्पर्धा आहे."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. आता मागे फिरायला वाट नव्हती. त्याने जेवणाची लांब टेबलं विटांवर तिरकी करून लावायला सांगितली. त्यावर खिळ्यांच्या जागी पाण्याच्या बाटल्या उभ्या केल्या. खालच्या टोकाला दोन स्वयंसेवक हातात झाडू घेऊन उभे राहिले, ते पंखे. वरून कच्चा, दगडासारखा टणक चिकू सोडायचा. चिकू काही छर्ऱ्यासारखा सरळ जात नाही. तो पाहुण्यासारखा वाटेत थांबतो, वळतो, मधेच भलत्याच्या घरात शिरतो. लोकांना ते फार आवडलं. बाटल्या धडाधड पडू लागल्या, पोरं ओरडू लागली, आणि झाडूवाल्या स्वयंसेवकांच्या टोप्या उडाल्या.

नविन एका कानाने तलासरी आणि एका कानाने वडोदरा सांभाळत होता. "बाटली पडली तर दहा! नाही हसमुखभाई, तुमच्याकडे बाटली नाही. कोपऱ्यातल्या भोकात गेली तर पन्नास. अरे, चिकू खाऊ नकोस, कच्चा आहे तो!"

शेवटी सगळ्यात जास्त गुण झाले हिरू गुरुजींचे. ते कपाकडे बघून मंद हसले. पण उद्घाटकाला बक्षीस देता येत नाही, हा नियम नविननेच छापला होता. शिवाय खऱ्या यंत्रावर खेळलेला रमण होता. कप वडोदऱ्याला जाहीर झाला.

"तुम्हाला मी चिकूचं एक खोकं पाठवतो," नविन म्हणाला.

"पाठवा," गुरुजी म्हणाले, आणि हसू आवरतं घेऊन निघून गेले.

संध्याकाळी नविन शेडवर गेला तेव्हा मैनाबाई दारातच बसल्या होत्या. शेजारी ठेचलेल्या चिकूंची खोकी टेम्पोतून उतरत होती. नविन मान खाली घालून उभा राहिला.

"हसमुखभाईचा फोन होता," मैनाबाई म्हणाल्या. "बाजारात सगळ्यांना तसलीच खोकी पाहिजेत म्हणतो. अजून बनवून द्या म्हणाला."

नविनने मान वर केली.

"आणि एवढ्या लांब जाऊन एक खिळा हलला नाही म्हणाला." त्या जरा थांबल्या. "पॅकिंग छान होतं, जावईबापू."

इतक्या वर्षांनी कौतुक झालं! नविनचा ऊर भरून आला. आपण पॅकिंगला हातही लावला नव्हता, हे सांगायची काही ती वेळ नव्हती.

"आई, मग मंडळ..."

"मंडळ कसलं? ऑर्डर आलीय ना. सकाळी सहाला या. खिळे ठोकायला माणूस लागेल."

म्हणजे कार्यक्रम फसला असता तरी सहा, आणि फत्ते झाला तरी सहाच!

दुसऱ्या दिवशी तो डोळे चोळत शेडवर हजर झाला. पहिलं काम त्याने स्वतः केलं. वडोदऱ्याच्या रमणचा कप एका खोक्यात, गुरुजींचे चिकू दुसऱ्या खोक्यात. पेंढा, झाकण, चार खिळे, निळा छाप. या वेळी दाराशी मुळीच नाही. दाराच्या आत, बाहेर तोंड करून उभं राहून त्याने एक खोकं डावीकडे ठेवलं, एक उजवीकडे. "डावीकडचं वडोदरा, उजवीकडचं तलासरी," असं त्याने मनाशी घोकलं आणि चहाला गेला. परत येताना तो अर्थातच बाहेरून आत आला, आणि दारात उभं राहूनच त्याने सकाळच्या ट्रकवाल्याला डावीकडचं दाखवलं, धाकल्याला उजवीकडचं.

संध्याकाळी गुरुजींचा फोन आला. मैनाबाई समोरच बसल्या होत्या, म्हणून नविनने ऐटीत स्पीकर लावला.

"नविनराव," गुरुजींचा आवाज दाटला होता, "मी चिकूची वाट बघत होतो हो. कप पाहून डोळ्यांत पाणी आलं. नियम मोडून दिलात, विसरणार नाही."

शेडवरचे सगळे हात थांबले. संगीताने पदर तोंडाला लावला. मैनाबाईंनी जावयाच्या हातातली हातोडी काढून घेतली, शांतपणे.

"जावईबापू, उद्यापासून इथे यायचं नाही. एका खोक्यालाही हात लावायचा नाही. तुमचं ते मंडळच सांभाळा."

नविनने जमेल तेवढा चेहरा पाडला आणि बाहेर पडला. कोपऱ्यावर वळल्यावर मात्र त्याला हसू आवरेना. मंडळ वाचलं होतं! नियोजन म्हणतात ते हेच, असं तो स्वतःला सांगत होता, तोच फोन वाजला.

"नवीनभाई," हसमुखभाई म्हणाले, "ट्रॉफी आवी गई. रमण विचारतो, पिकायला किती दिवस लागणार?"

"चार," नविन म्हणाला. "पेंढ्यातच ठेवा."