प्रवासी: एक (पत्नी)

आमच्या वसाहतीत सतरा घरं, एक सामाईक मागचं अंगण आणि एक चिटणीस आहे. चिटणीस मी. हे पद मी मागून घेतलेलं नाही. सभेला उशिरा पोहोचलो, तोवर माझी निवड झालेली होती. पण एकदा खुर्चीत बसल्यावर माणसाने नियमाला धरून वागावं, या मताचा मी आहे, आणि खालील प्रकरणात मी अथपासून इतिपर्यंत नियमाला धरूनच वागलो, हे आधी नोंदवून ठेवतो.

चार नंबरच्या घरात फिटरकाका आणि काकू राहायचे. काका कारखान्यातून निवृत्त झाले त्याच आठवड्यात त्यांनी वाफेवर चालणारं रेल्वे इंजिन बांधायला घेतलं. कपाटात ठेवायचं खेळणं नव्हे. कमरेइतकं उंच, चार माणसांना न उचलवणारं, खरा कोळसा खाणारं आणि मागच्या डब्यात माणसं बसवून ओढणारं. अकरा वर्षं ते घरातच वाढलं. चाकं पलंगाखाली होती, तांब्याचा बॉयलर न्हाणीघरात होता, आणि काकू त्याला वळसा घालून आंघोळ करत होत्या. त्यांनी तक्रार केली नाही असं नाही. रोज केली. पण काकांनी शब्द दिला होता, पहिली फेरी तुझी.

यंदा इंजिन पुरं झालं. काकांनी अंगणाभोवती साठ मीटर रूळ गोल अंथरले. आणि त्याच महिन्यात मुलीने कळवलं, आता पुरे, दोघं माझ्याकडे राहायला या. मुलगी नवव्या मजल्यावर राहते. काकूंच्या गुडघ्यांनी आधीच हात टेकले होते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. सामानाची गाडी महिनाअखेरीस ठरली. इंजिन काही नवव्या मजल्यावर जाणार नव्हतं. जी काय फेरी व्हायची, ती चार रविवारांच्या आत व्हायला हवी होती.

काका माझ्याकडे आले. "चिटणीस, रविवारी इंजिन पेटवू का? तासाभराचं काम आहे."

"माझी काहीच हरकत नाही," मी म्हणालो. "फक्त एक कागद आणा. उद्या काही झालं तर आमच्या अंगावर यायला नको."

"कसला कागद?"

"ते मला काय माहीत? कागद असला म्हणजे झालं."

बॉयलर कार्यालयाचे निरीक्षक आले. त्यांनी बॉयलरमध्ये गार पाणी भरलं, पंपाने दुप्पट दाब चढवला आणि घड्याळ लावून बसले. काटा जिथे होता तिथून हलला नाही. एक थेंब बाहेर आला नाही. त्यांनी सांध्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "सगळे बॉयलर असे निघाले तर माझी नोकरी जाईल." मग त्यांनी अर्ज पुढे केला. त्यात सतरा रकाने होते.

इथे काकांचा स्वभाव सांगायला हवा. जगातला कुठलाही शहाणा माणूस अर्ज भरताना निम्म्या रकान्यांत आडवी रेघ मारतो. काकांनी चाळीस वर्षं यंत्रं जुळवली. त्यांच्या लेखी रिकामा रकाना म्हणजे बोल्ट न घालता सोडलेलं भोक. त्यांनी सतराच्या सतरा रकाने भरले, आणि वर खरे भरले. रकाना नऊ, प्रवासी. काकांनी लिहिलं, "एक (पत्नी)".

"अहो, इथे रेघ मारायची होती," निरीक्षक हळहळले. "प्रवासी आला म्हणजे हे रेल्वे वाहतूक झालं. माझ्या हातात काही राहिलं नाही."

"मग खोडतो."

"खाडाखोड चालत नाही."

"नवा अर्ज द्या."

"एका बॉयलरला एकच अर्ज."

पहिला रविवार असा गेला. रेल्वे वाहतूक कार्यालयातल्या बाई फार सौजन्याने वागल्या. प्रवासी वाहतूक म्हटल्यावर त्यांनी वेळापत्रक, फलाट आणि प्रतीक्षालय मागितलं. काकांनी वेळापत्रक दिलं: रविवार, सकाळी दहा, फेरी एक. फलाटासाठी कपाटाच्या तीन फळ्या काढल्या. प्रतीक्षालय म्हणून काकूंची वेताची खुर्ची दाखवली.

"सुटण्याचं ठिकाण?" बाईंनी विचारलं.

"आमचं मागचं दार."

"पोहोचण्याचं?"

"आमचं मागचं दार."

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे प्रवासी निघतो तिथेच उतरतो. मग प्रवास कशासाठी?"

काका गोंधळले. अकरा वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शेजारच्या बाकावरून काकूच म्हणाल्या, "मजा म्हणून."

बाईंनी फाईल मिटली. मजा हा विषय करमणूक खात्याकडे होता.

करमणूक खात्याच्या अर्जात एक रकाना होता: प्रयोगात उघडी आग वापरणार काय? काकूंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. "रेघ मारा, रेघ." काकांनी लिहिलं, "होय. कोळसा, पाच किलो." अग्निशमन दलाने मोठ्या मनाने कळवलं की आग न पेटवण्याच्या अटीवर त्यांची हरकत नाही. आगीशिवाय इंजिन चालणार कसं, असं काकांनी विचारल्यावर त्यांना ते ढकलण्याचा सल्ला मिळाला. ढकलल्यास मात्र नगरपालिकेच्या लेखी ती हातगाडी ठरत होती, आणि हातगाडीवर माणूस बसवायला मनाई होती. तिसरा रविवारही हातचा गेला.

या काळात मी हात बांधून बसलो होतो असं कुणी समजू नये. मी पाचही कार्यालयांचे उंबरठे झिजवले आणि शेवटच्या शनिवारी परवानगी हातात घेऊनच आलो. पाच शिक्के होते. अटी तीनच होत्या. इंजिनात आग पेटवू नये. प्रवासी बसवू नये. इंजिन जागेवरून हलवू नये. या अटींवर इंजिन चालवण्यास पूर्ण मुभा होती.

रविवारी दहाला आम्ही समारंभ ठेवला. सतरा घरांतली माणसं जमली, निरीक्षक प्रमुख पाहुणे होते. मी परवानगी मोठ्याने वाचली. टाळ्या झाल्या. काकू प्रतीक्षालयात बसल्या होत्या, पायात घराबाहेरच्या चपला आणि मांडीवर पर्स.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं की."

"हे इंजिन चालवलं म्हणायचं?"

"कागदोपत्री," मी म्हणालो.

काकू गुडघे धरून उठल्या. घरातून रॉकेलमध्ये भिजवलेल्या कोळशांचं घमेलं आणि काडेपेटी घेऊन आल्या. "चाळीस वर्षं या घरातली शेगडी मी पेटवतेय," त्या मला म्हणाल्या. "तुझ्या शिक्क्याची वाट बघितली असती तर हा माणूस एकदा तरी जेवला असता का? सरक बाजूला, सदरा जळेल."

काकांनी पाण्याची पातळी दाखवणारी काच बघितली, तेल सोडलं आणि कोळसा घातला. पाऊण तासाने काटा हवा तिथे आला. काकू मागच्या डब्यात बसल्या, काकांनी शिट्टी दिली, आणि ते धूड जे इतके दिवस आम्ही फाईलमध्येच बघितलं होतं, ते फुसफुसत निघालं. काकू साठ मीटर नुसत्या हसत होत्या. काका पुढे बघत होते आणि डोळे पुसत होते. कोळसा गेला, म्हणाले. खरं सांगतो, माझ्याही डोळ्यांत गेला.

मग काकूंनीच विचारलं, "आता कोण?" सगळे बसले. निरीक्षक दोनदा बसले. मी तीनदा बसलो, कारण पहिल्या खेपेला भीतीने डोळे मिटले होते आणि ती फेरी धरता येत नव्हती.

सोमवारी सामानाची गाडी काका-काकूंना घेऊन गेली. त्याच दिवशी अकरा नंबरच्या वाळत घातलेल्या चादरीवर काजळी सापडली. दुसऱ्या कुणी कळवण्याआधी चिटणिसानेच कळवलेलं बरं, म्हणून मी पत्र लिहिलं: वसाहतीत अटींचा भंग करून इंजिन चालल्याचे ऐकिवात आहे, रहिवासी लांबून बघत होते. सोळा घरांनी सह्या केल्या. निरीक्षकांनी येऊन इंजिनाला सील ठोकलं आणि चौकशीचा अर्ज नवव्या मजल्यावर पाठवला. पुन्हा सतरा रकाने.

उत्तर लगेच आलं, काकांच्या त्या मोजून काढल्यासारख्या अक्षरात. आग कुणी पेटवली: पत्नीने, माझ्या संमतीने. धूर झाला काय: होय, पाऊण तास. इंजिनाची चाल: उत्तम. सोळा रकाने नेहमीसारखे भरलेले. सतरावा होता, इतर प्रवाशांची नावे. तो कोरा. रेघसुद्धा मारली नव्हती.

सोबत चिठ्ठी होती, चौकशी आटोपल्यावर इंजिन वसाहतीला ठेवा, हौसेने चालवा. पण अपुरा अर्ज निकाली निघत नाही. त्या दिवशी बसलेल्यांपैकी एकाने स्वतःहून नाव घातलं, तर सील निघेल. इंजिन अंगणात ताडपत्रीखाली आहे. सतराव्या रकान्यासाठी मी सगळ्यांना आवाहन केलं आहे. मी स्वतः चिटणीस असल्याने मला तटस्थ राहावं लागतं.

आपणही इतका वेळ काकूंच्या मागे बसून फेरी मारलीतच. अर्ज माझ्या टेबलावर आहे, पेनही ठेवलं आहे. काय म्हणता, तुम्ही नुसते लांबून बघत होतात? काही हरकत नाही. तसं लिहून द्यायचा कागद वेगळा आहे. त्यावर आधीच सोळा सह्या आहेत, खाली जागा शिल्लक आहे.